नऊ नंबर कुणाचा?

14 ऑक्टोबर 2025. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरने भारताला फुटबॉलमध्ये 2-1 हरवलं, 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं, आणि आमच्या कोल्हापूरच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा जणांनी अकरा टीम लावल्या. एक म्हणाला, सरळ 4-4-2 लावा, म्हणजे चार बचावात, चार मध्ये आणि पुढे दोन स्ट्रायकर खेळवा. दुसऱ्याला तीन सेंटरबॅक, म्हणजे मधले बचावपटू, हवे होते. तिसरा भारताचा प्रशिक्षक खालिद जमीलच्या बचावात्मक खेळाला शिव्या घालत होता. मी नेदरलँड्समध्ये, ऑफिसात टेबलाखाली मोबाइल धरून आधी आपल्या छांगतेचा गोल आणि मग सिंगापूरच्या सोंग उइ-यंगचे दोन गोल बघितले होते. मलाही टीम लावावीशी वाटली. सगळ्यात पुढे कुणाचं नाव लिहायचं, तिथे अडलो.

शनिवारी सकाळी माझा मुलगा इथल्या गावच्या क्लबात खेळतो. पालकांना आळीपाळीने कँटीनमध्ये कॉफी द्यायची पाळी येते, ती संपली की मी मैदानाच्या कडेला उभा राहतो. या वयाची पोरं छोट्या मैदानावर सहा-सहा खेळतात. अकरा जणांचा खेळ 13 वर्षांखालच्या गटात सुरू होतो. प्रशिक्षक म्हणजे कुणाचा तरी बाबा. तो सारखा जागा बदलतो. परवा आमच्या चिरंजीवांनी गोलात उभं राहून चार गोल खाल्ले, डोळे पुसले, आणि लगेच त्यालाच सगळ्यात पुढे पाठवलं. गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचा, मागच्या पोराचा धक्का अंगावर झेलायचा, बॉल मागे द्यायचा, वळून पळायचं. याला इथे ‘नऊ’ म्हणतात. पाठीवरचा आकडा काहीही असो, ते काम म्हणजे नऊ. तो पाच वेळा पडला, सहाव्यांदा जमलं.

म्हणून डच लोक फार शहाणे असं समजू नका. आकड्यांवरून ते आपल्यापेक्षा जास्त भांडतात. 2014 च्या विश्वचषकाआधी मधल्या फळीतला स्ट्रॉटमन जखमी झाला आणि प्रशिक्षक लुईस व्हान हालने 4-3-3 सोडून पाच जणांची बचावफळी लावली, तेव्हा इथे जणू कुणी कुलदैवत बदललं होतं. स्पेनला 5-1 उडवलं, तिसरे आले, तरी आमच्या कँटीनमधले एक आजोबा अजून कुरकुरतात की तो आपला खेळ नव्हताच. पण त्या स्पेनच्या सामन्यातला पहिला गोल आठवा. डावीकडून ब्लिंडचा लांब पास, व्हान पर्सीचं हवेतलं सूर मारलेलं हेडर. मांडणी नवी होती, पण ती दोन्ही कामं त्यांना आधीपासून येत होती.

आपल्याकडे काय? स्ट्रायकर सुनील छेत्रीने 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून भारतीय संघाचा निरोप घेतला. मार्च 2025 मध्ये त्याला परत बोलवावं लागलं, वयाच्या चाळिशीत. आणि बोलवणाऱ्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीयांत सर्वाधिक, 14 गोल त्याचेच होते. 2014 मध्ये संघात एका वेळी सहा परदेशी खेळू शकत, 2021-22 च्या हंगामापासून चार. पण त्या चारांतला एक बहुतेक ठिकाणी नऊचं काम करतो. प्रशिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. गोल नाही आले तर त्याचीच नोकरी जाते. आमचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात पुढच्या फळीत होता. आयएसएलमध्ये तो मला बहुतेकदा कडेलाच पळताना दिसला. क्लबात वर्षभर जे काम मिळत नाही, ते देशाच्या जर्सीत दहा दिवसांच्या शिबिरात कुठून येणार?

ग्रुपवर एकाने लगेच जर्नेल सिंगचा दाखला दिला. खरं आहे, 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक रहीमसाहेबांनी डोक्याला जखम झालेल्या या बचावपटूला सेंटर फॉरवर्ड केलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही मारला. पण त्याच्या आजूबाजूला पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम असे फॉरवर्ड होते! त्याआधी 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा मुंबईचा नेव्हिल डिसूझा तर मुळातच फॉरवर्ड. गोल मारणं हे त्याचं रोजचं काम.

क्लबांना एका भारतीय स्ट्रायकरची सक्ती करा, असं मी ग्रुपवर आधी लिहिणार होतो. मग वाटलं, सक्ती केली तर त्याला विसाव्या मिनिटाला बाहेर काढतील. त्यापेक्षा खालच्या स्पर्धांत, जिथे हरल्याने कुणाचं घर बुडत नाही, तिथे तरी ही जागा आपल्या पोरांना द्या, असं लिहिलं. 4-4-2 वाल्या मित्राला ते एकदम पटलं. तो स्वतः कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर समर्थक. मी विचारलं, शाहू स्टेडियमवर या हंगामात तुमच्याकडून पुढे कोण खेळतोय?

अर्ध्या तासाने उत्तर आलं. “नायजेरियाचा हाय. पण लई भारी खेळतोय, भावा.”