ब्लान्शचं तोंड बंद करायचं असेल तर दुसरं नाटक शोधा

आज सकाळी एका हौशी ग्रुपची संहिता व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडली. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', सव्वा तासात. सोबत निरोप: 'काव्यात्म भाग काढलाय, आता एकदम क्रिस्प झालंय.' क्रिस्प! नाटक आहे की वेफर्स?

आधी हसले. मग पहिल्याच प्रवेशाशी अडकले. नाटकाची नायिका ब्लान्श बहिणीला, स्टेलाला, बेल रीव्ह हे त्यांचं वडिलोपार्जित घर कसं हातचं गेलं ते सांगते, ते अख्खं भाषण गायब. त्या जागी: 'घर गेलं, स्टेला. कर्ज होतं.' संपलं. का, तर म्हणे, असं बोलतं कोण?

माझी माईआत्या बोलायची.

आत्या कोकणातलं घर गेल्यावर गिरगावात आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. तांदूळ निवडता निवडता तिचं सुरू व्हायचं. 'सासूबाईंच्या आजारपणात खालची कलमं गेली, भावोजींच्या दारूत नारळीची बाग, आणि ह्यांच्या दुखण्यात माजघरातलं पितळ.' खडा दिसला की थांबायची, तो बाजूला टाकायची, पुढे चालू. आई म्हणायची, 'पुरे आता, वन्सं.' आई वैतागायची ते साहजिकच होतं. दोन खोल्यांत रोज कोण ऐकणार? पण त्या बाईकडे बोलण्याखेरीज उरलं काय होतं?

ब्लान्शचं तेच आहे. ती मेलेल्यांची यादी वाचते, एकीचं प्रेत इतकं फुगलेलं की पेटीत मावेना. मग बहिणीला सुनावते, तू आलीस ती अंत्यविधीला, फुलं बघायला. मरताना घरघरणारा श्वास ऐकला तो मी. आणि ऐन रंगात एकदम पैशावर येते. मरण महाग असतं, बाई, आणि माझा पगार शाळामास्तरणीचा! पुढे कागदपत्रं निघतात तेव्हा हीच बाई वाडवडिलांच्या रंगेलपणात जमीन कशी तुकड्या-तुकड्याने गेली तेही थंडपणे सांगते. हे तुम्हाला फुलं-पाखरं वाटतात? अहो, हा हिशेब आहे! विल्यम्सच्या कवितेत नेहमी कुणाची तरी थकबाकी असते, आणि नेमकी तीच तुम्ही खोडलीत.

विल्यम्सच्याच 'द ग्लास मिनॅजरी' नाटकातली अमांडा घ्या. सतरा तरुण एका दुपारी आपल्याला भेटायला आले होते हे ती मुलांना कितव्यांदा तरी ऐकवते. मुलं कंटाळलेली. हीच अमांडा फोनवर मासिकाच्या वर्गणीदार बायकांना गाठते, त्यांच्या सायनसची चौकशी करते आणि तीच लाडिक भाषा वापरून वर्गणी चालू ठेवायला बघते. त्या भाषेवर घर चालतं हो!

विल्यम्सबद्दल कुणी तरी लिहिलंय, 'हा माणूस भावुक होता.' असेल. सेंट लुईसमध्ये बुटांच्या कंपनीत कारकुनी करायची आणि रात्री लिहीत बसायचं, असे दिवस काढलेत त्याने. बहीण रोझ. 1943 मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली आणि ती कायमची संस्थांमध्ये राहिली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात शिकागोमध्ये 'मिनॅजरी' उभं राहिलं, काचेची जनावरं पुसत बसणाऱ्या अमांडाच्या मुलीचं, लॉराचं. हे माहीत असताना मला त्यातली एकही ओळ जास्तीची वाटत नाही. आत्याचं बोलणं वाटायचं नाही तसंच. आता लिहिताना तिचा तो दम खाऊन 'आणि ह्यांच्या दुखण्यात' म्हणणारा आवाजच ऐकू येतोय.

असो.

बरं, नंतरच्या काही नाटकांत तो स्वतःच्याच आवाजावर भाळलाय, मान्य. तीन तासांनी प्रेक्षकांची शेवटची लोकल चुकते, तेही मान्य. म्हणून काय 1947 सालच्या नाटकातलं काळीज काढायचं?

रंगसूचनाही उडवल्यात. न्यू ऑर्लिन्सच्या त्या गल्लीत संध्याकाळचं आभाळ कसल्या कोवळ्या निळ्या रंगाचं आहे, नदीकाठच्या गोदामांमागून केळ्यांचा आणि कॉफीचा वास कसा येतो, कोपऱ्यावर पियानो कसा वाजतोय, सगळं त्याने लिहून ठेवलंय. वास रंगमंचावर कसा दाखवायचा, असं विचारतील. दाखवू नका, नटांना वाचू तरी द्या! कसल्या हवेत उभं राहून बोलायचं ते त्यांना कळेल. आपल्या तेंडुलकरांनी हे नाटक 'वासनाचक्र' म्हणून मराठीत आणलं. संवादात काटकसर कशी करायची ते त्या माणसाला शिकवायला कुणी जाणार होतं का? तरी त्यांनी हेच नाटक निवडलं.

आणि गंमत बघा. ह्या क्रिस्प संहितेत स्टेलाच्या नवऱ्याचं, स्टॅन्लीचं, जवळजवळ सगळं शाबूत आहे. स्टेलाच्या नावाची आरोळी आहे, ताटं फोडणं आहे. सिनेमात स्टॅन्ली गाजवलेला मार्लन ब्रँडो सगळ्यांनाच व्हायचंय, बनियन फाडायला फारसा रियाज लागत नाही. पण हाच स्टॅन्ली बायकोला म्हणतो, तुला मी बेल रीव्हच्या त्या खांबांवरून खाली ओढलं आणि रंगीत दिवे लावले तेव्हा तुला किती आवडलं होतं. नवराबायकोच्या रात्रींबद्दल बोलतोय तो, रंगीत दिव्यांच्या भाषेत! ही ओळ संहितेत जशीच्या तशी ठेवलीय. पुरुषाने घामट बनियनमध्ये म्हटली की ती कविता कुणाला खुपत नाही. बाईने म्हटली की लांबण.

कमेंटमध्ये 'आजच्या प्रेक्षकाचा अटेन्शन स्पॅन' कुणी काढू नका. कुकर झालाय, मी जेवायला बसतेय.