‘बारा हजारांची फिकी खिचडी’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या योगकेंद्रातल्या शुद्धिक्रिया शिबिराहून डोकं धरून घरी जावं लागलं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटलं. शनिवारी संध्याकाळी अंघोळीला गरम पाणी पुरलं नाही, हेही तुमचं खरं आहे. त्याबद्दल माफ करा. ढगाळ दिवशी सोलर दगा देतो, दुसरी काहीतरी सोय करायचं चाललं आहे.

पण तुम्ही पुढे लिहिलंत, ‘सकाळपासून उपाशी ठेवलं, खारं पाणी पाजलं आणि बारा हजार घेऊन आजाऱ्याची फिकी खिचडी वाढली. साधं लोणचंही दिलं नाही.’ वाचणाऱ्याला वाटेल, आमच्या स्वयंपाकघरात काटकसर चालते. म्हणून हे जरा सविस्तर लिहावं लागतंय.

हे शुद्धिक्रिया शिबिर होतं आणि शनिवारची सकाळ पूर्ण शंखप्रक्षालनाची, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आतडी धुण्याची असते, हे नोंदणीच्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे. कोमट पाण्यात लिटरला दोन सपाट छोटे चमचे मीठ, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. हे माप अंदाजपंचे नसतं. शरीरातल्या द्रवाइतपत खारट पाणी आतड्यात फारसं शोषलं जात नाही, ते पुढे सरकतं. मीठ कमी पडलं की तेच पाणी लघवीवाटे जातं आणि पोट नुसतं फुगतं. दोन ग्लास पाणी, मग ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन आणि उदराकर्षणासन प्रत्येकी आठ वेळा, की पुन्हा दोन ग्लास. खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत हे चालतं. साधारण सोळा ग्लास लागतात, कुणाला जास्तही.

तुम्हाला सहाव्या ग्लासानंतरही काही झालं नाही, नुसती मळमळ झाली. ताई, आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत हलकं जेवण सांगितलेलं असतं. पुण्यात चांदणी चौक ते पिरंगुट शुक्रवारी गाड्यांनी किती तुंबतं ते आम्हाला माहीत आहे, म्हणूनच चारपर्यंत या म्हणतो. तुम्ही पावणेअकराला आलात, वाटेत ढाब्यावर जेवून. पोटात सात-आठ तासांपूर्वीचं तेलकट जेवण असताना पाणी वर यायला बघणारच. सकाळी गुरुजींनी तुम्हाला ‘आज नुसतं बघा, करू नका’ असं दोनदा सुचवलं होतं. तुम्ही ‘एवढ्यासाठीच पैसे भरलेत’ म्हणालात.

आता खिचडी. आतडी पूर्ण रिकामी झाल्यावर पंचेचाळीस मिनिटं आडवं पडायचं, पण झोपायचं नाही. आणि त्यानंतर भूक असो नसो, खायचं. जुना तांदूळ, सालं काढलेली मूगडाळ, हळद, नावाला मीठ, मऊ लगदा होईपर्यंत शिजवलेली, आणि वरून माणशी चार मोठे चमचे साजूक तूप. घरचं कढवलेलं, डब्यातलं नव्हे. तूप आतड्याला आतून अस्तर लावतं, असं परंपरेत सांगतात. तिखट, आंबट, दूध, दही, लोणचं त्या दिवशी बंद, आणि पुढचा आठवडाभर जपूनच. धुतलेल्या आतड्यावर लोणच्याची फोड पडली की संध्याकाळपर्यंत पोट कळवळतं, हे वाढणाऱ्या मावशींना पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्या नाही म्हणाल्या. त्यांना ‘उद्धट’ म्हटलेलं मात्र फार लागलं. जेवणानंतर दोन तास पाणी नाही, हाही त्याच क्रियेचा नियम. तरी चक्कर वाटली तर देतोच, तुम्हालाही दिलं होतं.

डोकेदुखीचं म्हणाल, तर विश्रांतीच्या वेळी तुम्ही सभागृहातून उठून खोलीत गेलात आणि पंखा लावून झोपलात. दार दोनदा वाजवावं लागलं. या क्रियेनंतर झोप लागली की डोकं धरतं, असं शिकवणारे सांगतात. त्यात रोज चार-पाच कप कॉफी घेणाऱ्याने ती एकदम तोडली, तरीही डोकं दुखतंच. आठवडाभर आधीपासून कमी करत या, असं पत्रात असतं ते यासाठी. ती सोडणं तुम्हालाही जमलं नाहीच, दुपारी खोलीत कॉफी घेतल्याचं तर तुम्हीच सर्वांसमोर सांगितलंत.

बारा हजारांबद्दल. इगतपुरीला दहा दिवस फुकट असतात, असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे, तिथली विपश्यना ध्यानाची शिबिरं जुन्या साधकांच्या दानावर चालतात आणि ती व्यवस्था मोठी आहे, तिच्याशी आमची बरोबरी नाही. आमच्याकडे झोपायची सोय बावीस जणांची आहे, पण या शिबिराला आम्ही बाराच घेतो. कारण संडास बारा आहेत. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कुणाला केव्हा पळावं लागेल सांगता येत नाही, आणि तेव्हा बाहेर रांग असेल तर माणसाने काय करायचं? दहा खाटा रिकाम्या ठेवल्याचा खर्च बारा जणांत वाटला जातो. कमी पैशांत जास्त माणसं बसवता आली असती. आम्ही ते करत नाही.

‘ध्यानाच्या नावाखाली झोपवून ठेवलं’ ती योगनिद्रा होती, म्हणजे आडवं पडून पण जागं राहून घ्यायची विश्रांती. ध्यान पहाटे साडेपाचला होतं.

यापुढे उशिरा येणाऱ्यांना शनिवारच्या क्रियेला बसू द्यायचं की नाही, याचा विचार करू. सूचनांचं पत्रही थोडं मोठ्या अक्षरात करू. निम्मे पैसे परत मागितलेत, त्याबद्दल फोनवर बोलू या.

एक विनंती. तारे दोनच राहू देत, पण ‘उपाशी ठेवलं’ एवढे शब्द तरी काढता आले तर बघा. पुढच्या शिबिराची नोंदणी याच आठवड्यात सुरू आहे आणि काल दोघींनी हेच वाचून नाव मागे घेतलं.

आपला,
केंद्रचालक