‘स्पेस मोजा आणि एक मिळवा’ हा नियम चुकीचा आहे

‘सीमधला हमखास येणारा प्रश्न, तीन ओळींत पूर्ण मार्क’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. प्रश्न असा: सी या प्रोग्रॅमिंग भाषेत, टाइप केलेल्या ओळीतली अक्षरं आणि शब्द मोजा. त्याचं म्हणणं असं: ओळ गेट्सने (ओळ वाचणारं सीचं तयार फंक्शन) वाचा, स्ट्रलेन (मजकुराची लांबी देणारं फंक्शन) म्हणजे अक्षरं, स्पेस अधिक एक म्हणजे शब्द, आणि ‘हे मराठीसकट सगळ्या भाषांना चालतं’. माझ्या भाचीने तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी शब्दांचं. ‘मी’नंतर दोन स्पेस, ‘उद्या’नंतर एक, ‘येते’नंतर चुकून एक. स्पेस झाल्या चार, म्हणजे या नियमाने शब्द पाच. आहेत तीन. नुसतं एंटर दाबलं तरी उत्तर एक. तीन स्पेस देऊन सोडून दिलं तर चार शब्द, जिथे एकही नाही. मध्ये टॅब आला तर दोन शब्दांचा एकच होतो. आणि माणसं टाइप करतात ती अशीच, डबल स्पेस देत.

हे काही नवं कोडं नाही. कर्निहन आणि रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या पुस्तकात (पहिली आवृत्ती 1978) शब्द मोजण्याचा प्रोग्रॅम पहिल्याच प्रकरणात आहे. रिची म्हणजे ज्यांनी ही भाषा तयार केली तेच. तिथे स्पेस मोजतच नाहीत, शब्दांच्या सुरुवाती मोजतात. आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर, हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं; सुरुवात ‘बाहेर’पासून. स्पेस, टॅब किंवा नवी ओळ आली की ‘बाहेर’. दुसरं काही आलं आणि आपण बाहेर असलो, तर मोजणी एकने वाढवून ‘आत’. वर सांगितलेली सगळी उदाहरणं यात बरोबर सुटतात, त्यांच्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. मेसेजच्या नियमापेक्षा हे चार ओळींनी मोठं असेल. त्या चार ओळी वाचवायला मुलांना चुकीचं का शिकवायचं?

आता ‘मराठीसकट’. स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही. मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्याच्या आधीचे बाइट मोजतं. साध्या इंग्रजी मजकुरात एक अक्षर एक बाइट असतं, तेवढ्यापुरतं मेसेजचं बरोबर आहे, हे मान्य. पण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘नमस्कार’मध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, म्हणून स्ट्रलेनचं उत्तर 21. वाचणाऱ्याला दिसतात चार अक्षरं: न, म, स्का, र. सात हवे असतील तर ज्या बाइटचे पहिले दोन बिट 1 आणि 0 आहेत ते सोडून बाकीचे मोजा. चार हवे असतील तर युनिकोडचे अक्षरगट ठरवण्याचे नियम लागतात, तिथे साधा लूप पुरत नाही. युनिक्सच्या डब्ल्यूसी या मजकूर मोजणाऱ्या कमांडमध्येही बाइटसाठी वजा सी आणि कॅरेक्टरसाठी वजा एम असे दोन वेगळे पर्याय आहेत. 21 ला ‘अक्षरं’ म्हणून छापणारा प्रोग्रॅम मराठीला चालत नाही.

गेट्सबद्दल फार बोलायची गरजच पडू नये. ओळ ज्यात साठवायची तो ॲरे केवढा आहे हे त्याला कळत नाही, ओळ लांब असली की ते पुढची मेमरी खराब करतं. 1988 मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रॅमने फिंगर सर्व्हरमध्ये (वापरकर्त्यांची माहिती देणारी सेवा) शिरायला हेच गेट्स वापरलं होतं, आणि सीच्या 2011 च्या प्रमाणकातून ते काढून टाकलं गेलं. त्याऐवजी ॲरेचा आकार विचारात घेणारं एफगेट्स वापरा. मात्र ते ओळीच्या शेवटचं एंटरही साठवतं, त्यामुळे स्ट्रलेन एकने जास्त येतं. आधी ते काढा, मग मोजा.