पहिल्या सहीआधीचा कागद

डिचोलीत भाच्याचे लग्न ठरले. पुढच्या महिन्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, म्हणजे लग्न करणार असल्याची नोंद. त्यावरून घरच्या ग्रुपवर जुना वाद निघाला: सहीआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची हवी. 2006 मध्ये गोवा सरकारनेच तसा घाट घातला होता. भावोजींनी मला विचारले, "तुमच्या दुबईत नाही का सगळ्यांची करतात?"

करतात. रेसिडेन्स व्हिसासाठी रक्त घेतात आणि पॉझिटिव्ह निघालेल्याला मायदेशी धाडतात. त्यांना ते जमते. आपल्याच वाड्यावरच्या पोराला आपण कुठे धाडणार?

मी इथे दुबईला येण्याआधी भारतातल्या एका लॅबने माझा एचआयव्हीचा रिपोर्ट 'रिॲक्टिव्ह', म्हणजे संसर्गाची शंका असलेला, दिला, तोही आधी व्हिसाच्या एजंटच्या हातात. पुढच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, पण मध्ये नऊ दिवस गेले. आईने माझे ताट वेगळे केले नाही. फक्त घासून झाल्यावर त्यावर आधणाचे पाणी ओतताना मी तिला पाहिले. अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

भावोजी, हिशेब मांडून बघा. आपल्या देशात हजार प्रौढांमागे साधारण दोघांना हा संसर्ग आहे. दहा हजार वधूवर तपासले तर वीस जण खरे पॉझिटिव्ह. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात चाचणी 99.5 टक्के अचूक धरली, तरी पन्नासेक निरोगी पोरापोरींच्या हातात 'रिॲक्टिव्ह' पडेल. म्हणजे सत्तर कागदांतले पन्नास खोटे! म्हणून तर आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात, तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. शिवाय नुकता संसर्ग झालेल्याची चाचणी निगेटिव्हही येऊ शकते.

आणि आपल्या गोव्याचा डॉमिनिक डिसोझा आठवा. 1989 साली रक्तदानानंतर तो पॉझिटिव्ह निघाला, पोलिसांनी उचलले आणि 64 दिवस जुन्या क्षयरोग इस्पितळात कोंडले. त्याचा रिपोर्ट खरा होता, तरी माणसाला असे वागवले. मग खोट्या रिपोर्टवाल्या मुलीचे, लग्न मोडल्यावर, कोण ऐकून घेणार? 2017 च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीला संमती लागते, ती उगाच नाही.

तपासणी मला हवीच आहे. भाच्याला मी फोन केला. म्हटले, दोघे मिळून आयसीटीसीत जा, फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तर सगळ्या पुऱ्या होईपर्यंत घरी बोलू नका. वाटले तर मला फोन करा, रात्री कितीही वाजले तरी.