मोठे मासे गेले, लहान वाचले: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. तळ्यात हौसेने वाढवलेले कोई (रंगीत शोभेचे मासे) एका पहाटे पाण्यावर उलटे तरंगताना दिसले की जीव किती कळवळतो, हे मला माहीत आहे. दुकानातून आजारी मासे दिले, पाण्यात हवा सोडणारा पंप कुचकामी निघाला आणि मागूनही शेवाळाचं औषध दिलं नाही, अशा तुमच्या तीन तक्रारी आहेत. पहिली मला मान्य नाही, पण त्यावरून वाद घालायचा नाही. तळ्यात उरलेले मासे जगले पाहिजेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मासे कशाने गेले ते तुमच्याच लिहिण्यात आहे. संध्याकाळी ते नीट खात होते, पहाटे मेलेले दिसले. मोठे गेले, लहान वाचले. पाणी हिरवंगार झालेलं होतं आणि पंप रात्री बंद असायचा. आजार असा एका रात्रीत मोठ्यांनाच गाठत नाही; आधी काही दिवस अंगावर ठिपके, मिटलेले पर, सुस्ती असं काहीतरी दिसतं. मोठे मासे आधी आणि एकदम जातात ते पाण्यातला प्राणवायू संपल्यावर. त्यांना तो जास्त लागतो. लहान मासे पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरावर कसंबसं भागवतात.

उन्हाळ्यात ही वेळ का येते? पाणी 20 अंशांवर असताना एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. उलट 10 अंश वाढले की माशाची गरज जवळपास दुप्पट होते. त्यात हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढून घेतं. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या जरा आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. पंप दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवला, तर नेमक्या गरजेच्या वेळी हवा मिळत नाही. उष्मा आहे तोवर तो चोवीस तास चालू द्या. तरीही बुडबुडे कमी वाटत असतील तर पंप घेऊन या, तुमच्यासमोर चालवून बघू. खराब निघाला तर बदलून देईन.

मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते म्हणून तुम्ही खाद्य वाढवलंत, असंही लिहिलं आहे. ती भूक नव्हती, ते धापा टाकत होते. असं दिसलं की खाद्य पूर्ण थांबवायचं. उरलेलं खाद्य कुजताना प्राणवायू खातं आणि अमोनियाही वाढतो. हिरव्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) दुपारी 9 पर्यंतही चढतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच 9 झाला की हा विषारी हिस्सा 40 टक्क्यांच्या वर जातो. मासे पुन्हा शांत पोहू लागले की ऊन थोडं वर आल्यावर एकदाच, चिमूटभर द्या. संध्याकाळी नको.

शेवाळाचं औषध मी दिलं नाही, हे खरं आहे. या उन्हात आजही देणार नाही. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजायला लागतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतं. त्याऐवजी दुपारच्या उन्हाच्या बाजूला हिरवी जाळी बांधा. कमळाची पानं चालतील, पण सगळं तळं झाकू देऊ नका. रोज दहावा हिस्सा पाणी काढून तेवढंच नवं भरा. आटलेल्यावर नुसती भर घातली तर घाण आत तशीच राहते. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन मारायचे थेंब टाका. बर्फ टाकू नका; तापमान झपकन उतरलं तर मासे आणखी खचतात.

बाटलीभर पाणी आणलंत तर अमोनिया आणि पीएच लगेच, पैसे न घेता तपासून देईन. प्राणवायू तळ्यावरच मोजावा लागतो. कोणत्या पहाटे येऊ तेवढं कळवा, मीटर घेऊन येतो. आणि गेलेल्यांच्या जागी नवे मासे आत्ता मागू नका. पाणी निवेपर्यंत तुमच्या तळ्यासाठी मी एकही मासा विकणार नाही.