पाच तारे विझवण्याची सोपी रीत

नव्या गाडीचे पेढे वाटून झाले असतील, चाकाखालचे लिंबू चिरडून झाले असेल आणि बॉनेटवरचे कुंकवाचे स्वस्तिक अजून ओले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही पंचतारांकित गाडी घेतली आहे. शोरूममधल्या विक्रेत्याने सहा एअरबॅग, करकचून ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारे एबीएस, ईएससी आणि समोर अडथळा दिसताच आपणहून ब्रेक लावणारी ‘एडास’ अशी सगळी नामावळी एका दमात म्हणून दाखवली, तुम्ही ती सत्यनारायणाच्या पोथीसारखी मान डोलावत ऐकलीत, आणि शेवटी सनरूफ आहे ना, एवढे एकच विचारलेत. आता ही विकत घेतलेली सुरक्षितता घरी आली आहे आणि तिच्याशी वागायचे कसे, हे कोणी सांगत नाही. काळजी करू नका. ती एका दुपारीत, थोडक्या खर्चात, जवळपास पूर्णपणे निकामी करता येते.

मात्र आधी समोरचा गडी किती तयारीचा आहे हे जाणून घ्यायला हवे. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था १९५९ मध्ये आणि तिची धाकटी बहीण एचएलडीआय १९७२ मध्ये स्थापन झाली, आणि तेव्हापासून कोणत्या गाडीपायी किती भरपाई मोजावी लागली याच्या वह्या त्या मांडत बसल्या आहेत. त्यांचा हिशेब असा की, पुढच्या वाहनावर आदळण्याचे प्रकार नुसत्या इशाऱ्याच्या यंत्रणेने २७ टक्क्यांनी घटतात. इशाऱ्याला आपोआप लागणाऱ्या ब्रेकची जोड मिळाली की ५० टक्क्यांनी. मागचा कॅमेरा, सेन्सर आणि आपोआप लागणारा ब्रेक एकत्र आले, तर गाडी मागे घेताना होणारे अपघात ७८ टक्क्यांनी कमी होतात. घसरणारी गाडी सावरणाऱ्या ईएससीमुळे एकट्याच गाडीचा प्राणघातक अपघात होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. आणि तो जुनापुराणा, तीन टोकांचा सीटचा पट्टा, स्वीडनच्या नील्स बोहलीन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तयार केलेला, पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यू ओढवण्याची शक्यता आजही एकट्याच्या बळावर ४५ टक्क्यांच्या आसपास कमी करतो. म्हणजे तुम्ही काहीही न करता स्वस्थ बसलात, तर ही मंडळी निम्मे नुकसान परस्पर टाळून मोकळी होतील. स्वस्थ बसणे आपल्या स्वभावात नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

सुरुवात पट्ट्यापासून करावी, कारण बाकीची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. तुमच्या गाडीला पाच तारे मिळाले ते भारत एनकॅपच्या चाचणीत. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात आणि आत बसवलेल्या पुतळ्यांच्या डोक्याला, छातीला, मांडीला किती मार बसला ते मोजतात. त्या पुतळ्यांचा एक दोष असा की ते कायम पट्टा लावून बसतात. ‘इथूनच तर इथे जायचे आहे’ असे त्यांना सुचत नाही, इस्त्री मोडते असे वाटत नाही, आणि पोट आवळते अशी त्यांची तक्रार नसते. तुमचे तसे नाही. एअरबॅगवर ‘एसआरएस’ अशी जी इंग्रजी अक्षरे असतात, त्यांतल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘पूरक’ असा आहे. ती पट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. पापणी लवण्याआधी ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने फुगणाऱ्या त्या पिशवीला गृहीत असते की पट्ट्याने माणूस सीटला धरून ठेवलेला असेल. ब्रेक लागताच मोकळा माणूस पुढे फेकला जाऊन स्टिअरिंगला भेटायला आधीच पोहोचलेला असेल, तर ती जीव वाचवणारी वस्तू तोंडावर बसणारा ठोसा होते. तेव्हा पट्टा सोडलात की पैशाच्या एकाच खर्चात दोन यंत्रणा बाद होतात.

अडचण आहे ती बीप-बीप आवाजाची. २०१९ च्या जुलैपासून कारमध्ये तो सक्तीचा आहे. त्यावर उपाय म्हणजे ती छोटीशी क्लिप, जी पट्ट्याच्या खाचेत बसवली की गाडीला वाटते, साहेबांनी पट्टा लावला. तिच्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडी. लाखो रुपयांच्या संगणकाला धातूच्या एका तुकड्याने फसवायचे, आणि फसगत मात्र आपल्याच बरगड्यांची करून घ्यायची, असा सौदा दुसऱ्या कोणत्या बाजारात मिळणार? ही केवळ सामान्यांची चैन आहे असेही समजू नका; चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांमध्ये पुढच्या सीटवर बसलो तेव्हा तिथे क्लिप लावलेली आढळली, असे केंद्रीय वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीच २०२२ च्या सप्टेंबरात जाहीरपणे सांगितले होते. त्याच महिन्याच्या ४ तारखेला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी मरण पावले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती आणि एअरबॅगांना काही तोटा नव्हता. पुढे मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांवर आदेश काढले आणि क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. तेव्हा आता तुम्हाला थोडे श्रम पडतील. अर्थात क्लिप नाही मिळाली तरी हरकत नाही, पट्टा पाठीमागून घेऊन खाचेत अडकवावा आणि त्याच्यावर टेकून बसावे. २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसे अपघातात दगावली, त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. चालक आणि प्रवासी यांच्यात इतकी समानता आपल्याकडे अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते.

मागच्या सीटचा विषय निघालाच आहे, तर तिथे पट्टा असतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते, कारण घेतल्या दिवशी चढवलेल्या सीट कव्हरखाली तो सुखाने निजलेला असतो. कव्हर निवडताना घट्ट, जाड आणि चहूबाजूंनी शिवलेले घ्यावे. पुढच्या सीटच्या कुशीतून बाहेर येणाऱ्या बाजूच्या एअरबॅगला शिवण उसवून वाट काढावी लागते, ती तिला मिळू नये एवढीच काळजी घ्यायची. डॅशबोर्डवर डावीकडे, जिथे एअरबॅगचे झाकण असते, नेमके तिथेच गणपतीबाप्पांना दुहेरी टेपने स्थानापन्न करावे. माझ्या एका स्नेह्यांनी तर संगमरवरी मूर्ती बसवली आहे; विघ्नहर्त्याला अशा जागी बसवायचे की विघ्न आलेच तर सर्वांत आधी त्याने सौभाग्यवतींच्या कपाळावर यावे, ही योजना त्यांच्या लक्षात आणून दिली, तेव्हा ते इतके दुखावले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. लहान मुलाला मांडीवर घ्यावे. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आदळली तर दहा किलोचे बाळ त्या क्षणी तीनशे किलोंच्या आसपास भरते, आणि ते आपण हातांनी धरू, असा प्रत्येक आईबापाला विश्वास असतो. थोडे मोठे मूल असेल तर सनरूफमधून उभे करावे. नाहीतरी सनरूफ त्यासाठीच घेतला होता.

यानंतर गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड बसवून घ्यावा. गाडीचा पुढचा भाग दुमडावा आणि त्या दुमडण्यात धडकेचा जोर जिरावा, यासाठी अभियंत्यांनी वर्षानुवर्षे डोके शिणवलेले असते; गार्ड तो जोर कुठेही वाया न घालवता थेट सांगाड्यापर्यंत आणि सांगाड्यातून तुमच्यापर्यंत पोहोचवतो, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचाही गोंधळ उडवतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करा, असे राज्यांना कळवले आहे, पण बंपरचा रंग वाचतो, हे विसरून कसे चालेल? २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. त्यांच्या बाजूने पाहता गार्ड कसा दिसतो, हा मुद्दा इथे गैरलागू आहे, कारण पादचारी हा लेख वाचत असला तरी गाडी त्याची नाही.

इतके करूनही जी सुरक्षितता चिवटपणे उरेल, ती वेगाने संपवावी. चाचणी ताशी ६४ ला झाली होती. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर आता सलग खुले आहेत आणि तिथे कारला १२० ची मुभा आहे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे १२० ला तो चाचणीतल्या धडकेच्या साडेतीन पट होतो, आणि मग किती तारे उरतात याचे गणित कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते. या बाबतीत आपले गुरू म्हणजे जर्मनीतल्या म्युनिकचे टॅक्सीचालक. १९८० च्या दशकात तिथल्या एका टॅक्सी कंपनीच्या काही गाड्यांना एबीएस बसवले, काहींना नाही, आणि दोन्हींचे अपघात मोजले. फरक जवळपास शून्य. ओळख न देता प्रवासी म्हणून बसलेल्या निरीक्षकांना आढळले ते असे की, ब्रेक चांगले आहेत हे ठाऊक असलेले चालक वळणे अधिक झोकात घेत होते आणि लेन कमी पाळत होते. यंत्राने दिलेली सवलत त्यांनी शेवटच्या पैपर्यंत वटवली होती. एचएलडीआयच्या १९९० च्या दशकातल्या वह्यांमध्येही कारच्या एबीएसने भरपाईचे दावे म्हणावे तसे घटलेले दिसले नाहीत. गंमत अशी की मोटारसायकलवर तेच एबीएस चोख काम करते. तिथे आयआयएचएसला प्राणघातक अपघातांचा दर २२ टक्क्यांनी कमी आढळला, बहुधा चाक अडकले की दुचाकी पडतेच आणि त्यात फुशारकीला वाव उरत नाही म्हणून. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ते २०१९ पासून सक्तीचे आहे. दुचाकीवाल्यांनी निराश होण्याचे मात्र कारण नाही. हेल्मेट कोपरात अडकवणे हा मार्ग त्यांना खुला आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा पुण्याने त्याविरुद्ध कृती समितीही उभी करून दाखवली होती.

आता एडास. याच्याशी दोन टोकांनी लढता येते आणि दोन्ही टोके तितकीच गुणकारी आहेत. पहिले टोक म्हणजे ते बंद करणे. ही चाल परदेशातही रूढ आहे. आयआयएचएसने दुरुस्तीसाठी आलेल्या होंडा गाड्या तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर केले, त्यानुसार लेन सुटताच इशारा देणारी यंत्रणा जेमतेम एक तृतीयांश गाड्यांमध्ये चालू होती. आपल्याकडे ती बंद करण्यास काही सबळ कारणेही आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. जिथे रस्त्यावर पांढरा पट्टाच नाही तिथे लेन कोणती धरायची, आणि शहरात दर वीस पावलांवर डावीकडून स्कूटर घुसते तेव्हा गाडीने प्रत्येक वेळी दचकून ब्रेक लावला तर मागचा रिक्षावाला डिकीत येतो. म्हणून शहरात वैतागून ती बंद करावी, आणि मग बंदच ठेवावी. उसाच्या हंगामात, रात्री साडेनऊला, मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या पाठीमागे पोहोचेपर्यंत ती आठवता कामा नये.

दुसरे टोक अधिक आधुनिक आहे. यंत्रणा चालू करावी, अंतर राखण्याचे आणि लेन धरण्याचे काम तिच्यावर सोपवावे, स्टिअरिंगवर हात नसल्याची ती तक्रार करू लागली की पाण्याची बाटली खोचून तिचे समाधान करावे, आणि आपण मांडी घालून रील चित्रित करावे. इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपोआप लागणाऱ्या ब्रेकने नुकसान निम्म्यावर आणल्याचा पुरावा भक्कम आहे. पण गाडी अर्धवट स्वतः चालवणाऱ्या यंत्रणांनी अपघात घटतात, असा पटण्याजोगा पुरावा आयआयएचएस आणि एचएलडीआय यांना २०२४ मध्ये निस्सान आणि बीएमडब्ल्यूच्या गाड्या तपासूनही सापडला नाही. एक यंत्र माणूस चुकला तर धावून येते, दुसरे माणसाला चुकायला सवड करून देते. तुम्ही अर्थातच दुसऱ्यावर विसंबावे.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करून विम्याचा हप्ता वाढला तर? तीही भीती बाळगू नका. २०२२ च्या जूनपासून खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक दर १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा ठरवून दिला गेला. त्यात इंजिनाची मापे आहेत, ताऱ्यांची नाहीत. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाडीचा आणि आदळेपर्यंत गप्प बसणाऱ्या गाडीचा हप्ता सारखाच. एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवले, तर मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, फार तर पाचशे रुपये सूट देण्याची जुनी तरतूद आहे. गाडी दुसऱ्याने नेली तर सगळ्यांचेच नुकसान. आपण स्वतः नेऊन ट्रकखाली घातली, तर तो घरचा मामला. शिवाय काच तडकली की तिच्यामागचा कॅमेरा आणि बंपर गेला की त्यातला रडार पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्यामुळे बिल असे येते की सुरक्षित गाडीच महाग पडते, असे चारचौघांत ठणकावून सांगता येते. जे अपघात झालेच नाहीत त्यांची बिले नसतात, ही या युक्तिवादाची मोठी सोय आहे.

पुढेमागे गाडी विकायला काढाल, तेव्हा क्लिप काढून खिशात घालावी, गार्ड उतरवून ठेवावा, बाप्पांना नव्या गाडीत हलवावे आणि जाहिरातीत लिहावे: एकहाती, घरगुती वापर, पाचही तारे शाबूत, मागचे पट्टे कोरे करकरीत.