पाठमोऱ्या तोफा

लेक ग्रेनाडात, कॅरिबियनमधल्या छोट्या बेट-देशात, मेडिकलला आहे. तिला भेटायला गेले तेव्हा राजधानी सेंट जॉर्जेसमधले दोन किल्ले पाहिले. परत आल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितेय.

बंदराच्या तोंडावरचा फोर्ट जॉर्ज 1705 ते 1710 च्या दरम्यान फ्रेंचांनी बांधला, तेव्हा तो फोर्ट रॉयल. 1763 च्या तहात बेट इंग्रजांकडे गेलं आणि किल्ल्याला तिसऱ्या जॉर्जचं नाव मिळालं. शत्रू समुद्रातूनच येणार, हा त्याचा सगळा हिशेब. 1779 मध्ये फ्रेंच आले ते मागच्या डोंगरावरून! हॉस्पिटल हिल घेतली आणि तिथल्याच तोफा खालच्या किल्ल्यावर रोखल्या. गव्हर्नर मॅकार्टनीला शरण जावं लागलं. (दोन वर्षांनी हाच मॅकार्टनी मद्रासचा गव्हर्नर होऊन आला, हैदरअलीशी युद्ध पेटलेलं असताना.)

आपण कसे जिंकलो हे फ्रेंच विसरले नाहीत. रिचमंड हिलवर त्यांनी फोर्ट फ्रेडरिक बांधायला घेतला तो उलटा: पाठ समुद्राकडे, तोफांची तोंडं बेटाच्या आत. 1783 मध्ये बेट परत इंग्रजांना मिळालं, त्यांनी तो 1791 मध्ये पुरा केला.

पर्यटकांना ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटली नाही. बेटाच्या आत राहत कोण होतं? उसाच्या मळ्यांवरचे गुलाम. 1795 मध्ये इंग्रजांविरुद्धच्या ज्युलियन फेडॉनच्या बंडात तेच मोठ्या संख्येने उतरले.

आणि मग 19 ऑक्टोबर 1983. नजरकैदेतल्या पंतप्रधान मॉरिस बिशपना लोकांनी सोडवलं आणि त्यांच्यासोबत खालच्या किल्ल्यात शिरले. 1979 पासून त्याचं नाव होतं फोर्ट रुपर्ट, बिशपच्या वडिलांचं. 1974 मध्ये सरकारविरोधी आंदोलनाच्या दिवसांत ते पोलिसांच्या गोळीने गेले होते. बिशपच्याच पक्षातल्या विरोधी गटाच्या बाजूचं सैन्य वर फोर्ट फ्रेडरिकमध्ये होतं. तिथून चिलखती गाड्या उतरल्या, गर्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि बिशपसह आठ जणांना चौकातल्या भिंतीशी उभं करून ठार केलं. शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट त्यांत होत्या. त्यांचे देह आजवर घरच्यांना मिळालेले नाहीत.

सहा दिवसांनी अमेरिकन सैन्य उतरलं. त्यांनी दिलेल्या कारणांतलं एक होतं इथल्या मेडिकल कॉलेजातल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षा. माझी लेक त्याच कॉलेजात शिकते. फोर्ट फ्रेडरिकशेजारच्या फोर्ट मॅथ्यूमध्ये तेव्हा मनोरुग्णालय होतं. त्यावर अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकला आणि आतले रुग्ण मेले.

खालच्या किल्ल्याचं, फोर्ट रुपर्टचं, नाव पुन्हा फोर्ट जॉर्ज झालं. माझं म्हणणं आहे, हे चूक झालं. ज्या राजाने हे बेट कधी पाहिलंही नाही त्याचं नाव टिकलं, आणि इथल्या रस्त्यावर गोळी खाल्लेल्या माणसाचं चार वर्षांत पुसलं गेलं. विमानतळाला 2009 मध्ये बिशपचं नाव दिलं, तसं इथेही व्हायला हवं होतं. ‘वसाहतकालीन किल्ला’ म्हटलं की आपण 1783 ला वही मिटतो, आणि लोकांच्या आठवणीतलं सगळ्यात ताजं रक्त नेमकं त्या वहीबाहेर राहतं.

क्रूझवरून जाणाऱ्यांना इथे जेमतेम काही तास मिळतात. आधी फोर्ट फ्रेडरिकवर जा, तोफा कुठे बघतात ते बघा, मग फोर्ट जॉर्जच्या चौकात उतरा. तिथल्या भिंतीवर एक पाटी आहे. लेकीने मला ती आठही नावं मोठ्याने वाचून दाखवली, आणि आम्ही बराच वेळ तिथेच उभ्या होतो.